लातूर ते नांदेड : एका बास्केटबॉलवेड्याची फसलेली मतं

लातूरच्या बसस्थानकाबाहेर मी रिक्षावाल्याला "बास्केटबॉल कोर्ट" म्हणालो आणि त्यानं मला जिल्हा न्यायालयासमोर आणून सोडलं. काळ्या कोटातली माणसं चहा पीत उभी होती. खांद्यावर पिशवी अडकवून मी त्यांच्याकडं बघत राहिलो.

"अहो, खेळायचं कोर्ट!"

"मग तसं सांगायचं की. कोर्ट म्हणलाव म्हणून हितं आणलं," रिक्षावाला म्हणाला. "खेळत्यात त्याला ग्राउंड म्हणत्यात."

तिथून कॉलेजच्या मैदानावर पोचेपर्यंत दुपार झाली होती. माझा जुना मित्र मुकुंद तिथं मुलींच्या संघाचा प्रशिक्षक आहे. कॉलेजात आम्ही दोघं एकाच संघातून खेळलो. तो खेळात राहिला, मी पुण्यात ग्रंथपाल झालो आणि पहाटे उठून अमेरिकेतले सामने बघण्यावर भागवू लागलो. बघून बघून माझी मतं पक्की झाली होती. कॉलेजचं बास्केटबॉल खरं, व्यावसायिक म्हणजे दिखावा. तिकडं कॉलेजच्या संघाला हल्ल्यासाठी तीस सेकंद मिळतात, म्हणून चेंडू पाचही हातांतून फिरतो. व्यावसायिकांना चोवीसच, म्हणून जो तो लांबून फेकतो. कॉलेजची मुलं हरली की रडतात, व्यावसायिक खेळाडू समोरच्याला मिठी मारून हसत घरी जातात.

ही मतं माहीत असल्यामुळेच मुकुंदनं मला बोलावलं होतं. त्याच्या संघात नांदेडची नाझनीन नावाची मुलगी आहे. तिला एका नव्या व्यावसायिक संघाचं बोलावणं आलं होतं, आणि त्यांचा हंगाम नेमका तिच्या शेवटच्या वर्षाच्या परीक्षेत येत होता.

"तिच्या वडलांना तू समजाव," मुकुंद म्हणाला. "पाठवू नका म्हणून सांग. पुण्याचा माणूस सांगतोय म्हटलं की ऐकतील."

मी आनंदानं हो म्हणालो. माझंही मत तेच होतं.

त्या दुपारी त्यांचा सामना होता. तो सुरू व्हायच्या आधी मी मैदानाकडेचं घड्याळ बघितलं. "इथं कॉलेजलाही चोवीसच सेकंद?"

"सगळ्यांनाच चोवीस. तीस तुझ्या अमेरिकेत," मुकुंद म्हणाला.

माझा पहिला मुद्दा शिट्टी वाजायच्या आधीच गेला.

सिमेंटचं मैदान डिसेंबरातही तापलं होतं. नाझनीन उंचीनं बेताचीच, पण चेंडू तिच्या हाताला बांधल्यासारखा. मुकुंद काठावरून ओरडत होता, "नाझनीनला द्या! नाझनीनला!" मध्यंतरात मुलींनी अर्धापूरची केळी खाल्ली. मलाही दोन मिळाली. शेवटच्या क्षणी त्यांचा संघ एका गुणानं मागं होता. नाझनीन आत घुसली, तिघीजणी तिच्या अंगावर आल्या, आणि तिनं चेंडू बास्केटखाली उभ्या असलेल्या मोकळ्या मैत्रिणीकडं दिला. चेंडू कड्यावर फिरला आणि बाहेर पडला. शिट्टी.

"शेवटचा चेंडू तुझा होता!" मुकुंद ओरडला.

"ती मोकळी होती, सर."

एवढं बोलून ती समोरच्या संघाच्या कर्णधाराकडं गेली, तिला मिठी मारली आणि दोघी कशावरून तरी हसल्या. रडलं कुणीच नाही. मी उरलेलं केळं हातात धरून उभा होतो.

दुसऱ्या दिवशी नाझनीन घरी निघाली होती. मुकुंदनं आम्हाला एकाच बसमध्ये बसवलं. अहमदपूरपर्यंत दोन्ही बाजूंना तुरीची उभी शेतं, मधे सोयाबीन काढून मोकळी झालेली काळी रानं. एका ठिकाणी पांढऱ्या अंगावर काळे ठिपके असलेल्या गाई रस्ता अडवून उभ्या राहिल्या. "देवणी जात हाय," नाझनीन म्हणाली. "हॉर्नला ऐकत न्हाईत." बस थांबली.

बोलायची संधी साधून मी म्हणालो, "काल तू जे केलंस ना, तेच खरं कॉलेजचं बास्केटबॉल. व्यावसायिक खेळाडूनं स्वतःच मारला असता."

ती माझ्याकडं नवलानं बघायला लागली. "न्हाई काका. टीव्हीवरचे मोठे खेळाडू हेच करून राहिलेत की. तिघं अंगावर आले म्हंजे कोणतरी मोकळं असतंच. ते बघूनच तर शिकले मी. कॉलेजात सर म्हणतात, तूच मार."

मी इतकी वर्षं तेच सामने बघत होतो. मग मला दिसलं काय? लोहा गावच्या थांब्यावर चहा घेतला, पण तो गोड होता का कडू, आठवत नाही.

नांदेडला रशीदभाईंचं, म्हणजे नाझनीनच्या वडलांचं, शिवणकामाचं दुकान आहे. मागं घर. कॉलेजच्या संघांचे कपडे तेच शिवतात. रात्री तिथंच राहिलो. सकाळी त्यांनी मला खिचडी आणि खट्टा (चिंच, तीळ आणि कांद्याचं आंबट, पातळ कालवण) खाऊ घातला. मी दोनदा वाढून घेतला. मग गळ्यातली टेप काढून ठेवत त्यांनी विचारलं, "मुकुंदसर म्हणले, तुम्ही जाणकार हाव. बेटीला पाठवू का नको?"

"आधी मुकुंदचं म्हणणं सांगतो," मी म्हणालो. परीक्षा, संघ, पुढच्या वर्षीही जाता येईल हे, सगळं नीट सांगितलं. दिलेला शब्द होता.

"आन् तुमचं?"

"पुण्याहून निघालो तेव्हा माझंही तेच होतं. आता मला कळत नाही."

रशीदभाई टेप गुंडाळू लागले. "मला खेळातलं समजत न्हाई. पण हिची जर्सी मी शिवतो, घरी आणली की हिची अम्मी धुते. कॉलेजात ती चाळीस मिनिटं घामानं भिजलेली असते. तिथं कोरडीच राहिली तर? नुस्तं बसवून ठेवलं तर?"

हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. "पहिल्या वर्षी बहुतेक बसवतीलच," मी खरं ते सांगितलं.

"बसंन की अब्बा," दारातून नाझनीन म्हणाली. "हितं तर सर एक मिनिट बाहेर काढत न्हाईत. घोटा सुजला होता तवा बी पूर्ण सामना खेळले."

रशीदभाईंनी मान वर केली. "घोटा? कधी?"

"मागच्या महिन्यात."

"आन् मला सांगितलं न्हाई?"

"सांगितलं असतं तर तुम्ही खेळू दिलं नसतं."

रशीदभाईंनी तिला जवळ बोलावलं, वाकून तिचा घोटा अंगठ्यानं दाबून बघितला. मग मला विचारलं, "त्या संघाकडं डॉक्टर असतो का, साहेब?"

"असतो."

साऱ्या प्रवासात खात्रीनं दिलेलं माझं हे एकच उत्तर.

"मग जाऊ दे," ते म्हणाले. "पण राहिलेले पेपर परत येऊन द्यायचे. इम्तिहान सोडायचं न्हाई." नाझनीननं मान डोलावली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

परतीच्या रेल्वेत मुकुंदचा फोन आला. सगळं ऐकून तो चिडला. "एकच काम सांगितलं होतं तुला!"

"तिचा घोटा सुजला होता, हे तुला माहीत होतं?"

गाडीच्या खडखडाटात मी फोन कानाला दाबून धरला.

"माहीत होतं," तो हळू म्हणाला. "तिला खेळायचं होतं रे."

"खेळायचं तर होतंच."

"मग मी काय करायला हवं होतं?"

गोदावरीवरून आलेला गार वारा नांदेडातच राहिला होता; खिडकीबाहेर परभणीकडची सपाट रानं पळत होती. "बघू," म्हणालो आणि फोन ठेवला.

नाझनीन गेली. पहिले चार सामने ती बसून होती, पाचव्यात सहा मिनिटं खेळली. गुण एकही नाही. मी फोनवर विचारलं, पस्तावतेस का? "कळंना काका," ती म्हणाली. "पण लई शिकून राहिले." पुण्यातले मित्र अजून मला विचारतात, कॉलेजचं बास्केटबॉल चांगलं की व्यावसायिक? पूर्वी या प्रश्नावर मी तासभर बोलायचो. आता मी उलट विचारतो, "कुणासाठी?" ते माझ्या उत्तराची वाट बघत बसतात, आणि मीही.