शिवीचा मराठी अर्थ
खडकीच्या क्वार्टर्समधून हिंजवडीला येणाऱ्या, ऑफिसात माझ्या शेजारी बसणाऱ्या मुलीवर अन्याय झाला तो एका सोमवारी सकाळी साडेअकराला, आणि मशिनच्या कॉफीचा वास आला की ती सकाळ मला अजून आठवते. आमचा मॅनेजर इंग्रजीत आईवरून शिवी दिल्याशिवाय वाक्य संपवत नसे. सगळे हसायचे, मीही हसायचो. त्या दिवशी काम अडलं म्हणून त्यानं हातात कॉफीचा कप धरून तीच शिवी सगळ्यांसमोर तिला दिली. ती उभी राहिली. म्हणाली, "सर, माझी आई आत्ता रेशनच्या रांगेत उभी असेल. आपण तिच्याबद्दल काय बोललात ते मराठीत सांगते." आणि तिनं शब्दन् शब्द मराठीत सांगितला. "ही काय भाषा झाली?" मॅनेजर लाल होऊन म्हणाला. एचआरच्या बाईंनी तिला समजावलं, "अगं, इंग्रजीत ती बोलण्याची पद्धत असते. तू मात्र चक्क शिवी दिलीस." दुपारपर्यंत तिची नोकरी गेली. तिनं अश्लील शब्द वापरले, असं लिहिलेल्या कागदावर आम्हा चौघांच्या साक्षीदार म्हणून सह्या घेतल्या. ती माझ्याकडे बघत होती, तेव्हा मी पेन मागत होतो. त्या कागदावरची तिसरी सही माझी आहे. तुमच्या ऑफिसात उद्या कुणी ती शिवी दिली तर हसू नका, उभे राहून तिचा अर्थ मराठीत मोठ्यानं सांगा, आणि नंतर कागद पुढे आला तर सही करू नका.