साळवेबाईंचं वगळलेलं वाक्य

साळवेबाई गेल्याचा निरोप आला तेव्हा मी सिंगापुरात यिशुनच्या स्टेशनात ऑफिसला जायच्या गाडीची वाट बघत उभा होतो. इथल्या मराठी ख्रिस्ती मंडळीच्या ग्रुपवर तो आला. मी त्या मंडळीतला नाही, पुण्याचा हिंदू आहे. त्यांच्या उपासनेचे कागद टाइप करून देतो म्हणून ग्रुपवर आहे. निरोपाखाली श्रद्धांजल्या येऊ लागल्या. प्रेमळ, मनमिळाऊ, शांत स्वभावाच्या... आणि मग कोणीतरी लिहिलं, ‘कधी कोणाच्या अध्यात ना मध्यात.’ ते वाचून माझं डोकंच फिरलं. गाडी आली, गेली, मी तिथेच उभा. बाई सगळ्यांच्या अध्यातमध्यात होत्या. त्यांना शांत म्हणणं ही आपल्या सोयीची थाप आहे आणि ती खपवून घ्यायची माझी तयारी नाही. म्हणून हे लिहितो आहे, पाच आठवड्यांनी का होईना.

बाई मूळच्या नगरच्या. तिथल्या शाळेत त्यांनी जन्मभर इतिहास शिकवला. यजमान गेल्यावर लेकीकडे, रूथकडे, सिंगापूरला आल्या. आमच्याच मजल्यावर, दोन दारं सोडून. आल्याच्या तिसऱ्या दिवशी बेल वाजली. दारात पांढरी साडी, हातात वही, आणि नमस्कार वगैरे काही नाही, सरळ प्रश्न : तुला मराठी टाइप करता येतं का? दर महिन्याच्या चौथ्या रविवारी दुपारी एका चर्चचा हॉल मागून घेऊन ही मंडळी मराठीत उपासना करते. पासिर रिसपासून पुंगोलपर्यंतची पंचवीसेक कुटुंबं. गाणी, वचनं, प्रार्थना छापलेला कागद सगळ्यांना वाटायचा, आणि टाइप करणारे गृहस्थ नुकतेच बदली होऊन गेले होते. मी हो म्हटलं. मजकूर बाई देणार, मी छापणार, असं ठरलं.

मजकूर द्यायला बाई दर शनिवारी सकाळी खालच्या हॉकर सेंटरला, खाण्यापिण्याच्या टपऱ्यांच्या हॉलमध्ये, बोलवायच्या. चहाचा पहिला घोट घेतला की इतिहास सुरू. चर्च आणि सरकार हा त्यांचा आवडीचा विषय, आवडीचा म्हणजे चीड येण्याइतका आवडीचा. रोमच्या बादशहांनी ख्रिस्ती माणसांना सिंहांपुढे टाकलं तेव्हा चर्च वाढलं, म्हणायच्या, आणि मग एका बादशहाने बिशपांना राजवाड्यात जेवायला बोलावलं आणि सगळा घोटाळा झाला. कुठल्या राजाला पोपने बर्फात अनवाणी उभं केलं, कुठल्या राजाला बायको सोडायची होती म्हणून तो स्वतःच चर्चचा प्रमुख होऊन बसला, हे त्या शेजारच्या ब्लॉकमधलं भांडण सांगावं तसं सांगायच्या. आपल्याकडेही तेच, म्हणायच्या. कंपनी सरकारला आधी मिशनरी नकोसे होते, धंद्यात अडचण नको म्हणून. पुढे कलेक्टर आणि पाळकसाहेब एकाच टेबलावर बसू लागले, आणि मग कलेक्टरला कोण काय बोलणार? मी फायनान्सचा माणूस, शाळेत इतिहासाला झोपा काढलेल्या. पण शनिवार मी चुकवत नसे.

त्यांच्याकडे आजोबांचं प्रार्थनेचं पुस्तक होतं. आजोबा नगरला मिशनच्या शाळेत मास्तर. त्यात राज्यकर्त्यांसाठी एक प्रार्थना आहे, ती दर उपासनेत उभं राहून म्हणतात. त्या पानावर विलायतेतल्या एका राजाचं नाव खोडून दुसऱ्याचं लिहिलेलं, मग तेही खोडून वेगळ्या शाईत राष्ट्रपती. रूथने तर वर इथल्या सरकारसाठी एक चिकटपट्टी लावली होती. आणि सगळ्यांत खाली, आजोबांच्या हातचं, पेन्सिलीने लिहिलेलं एकच वाक्य : ‘आणि ते चुकतील तेव्हा त्यांना तसं सांगण्याचं धैर्य आम्हांला दे.’ वरची सगळी नावं बदलली, हे मात्र कोणी खोडलं नव्हतं. बाईंनी ते कागदावर घ्यायला सांगितलं. मी घेतलं. तीन वर्षं ते वाक्य दर महिन्याला म्हटलं गेलं आणि कोणाचं काही बिघडलं नाही.

मग एकदा उजागरेसाहेबांचा फोन आला. साहेब मंडळीचे सेक्रेटरी, बँकेतून निवृत्त, माणूस सज्जन. इकडचं तिकडचं बोलून म्हणाले, केदार, ते धैर्याचं वाक्य या वेळी राहू दे. आपण इथे बाहेरून आलेले, इथे धर्म आणि राजकारण एकत्र केलेलं चालत नाही, उद्या कोणी हॉल काढून घेतला तर? त्यांच्या मुलाचा नागरिकत्वाचा अर्ज गेलेला होता. माझा पीआरचा, म्हणजे इथे कायम राहायच्या परवानगीचा, अर्ज एकदा नाकारून झाला होता, दुसऱ्यांदा भरला होता. खरं सांगतो, मला हायसं वाटलं. मी बाईंना विचारलं नाही. वाक्य काढलं, खालची ओळ वर सरकवली, म्हणजे मोकळी जागाही दिसायला नको. या कामात माझा हात चांगला आहे.

सोमवारी बाई तो कागद घेऊन माझ्या दारात. आत आल्या नाहीत, उंबऱ्यावरच उभ्या राहिल्या.

“कोणी काढायला सांगितलं?”

“उजागरेसाहेबांनी.”

“आणि त्यांना कोणी सांगितलं?”

मी त्यांच्या हातातल्या कागदाकडे बघितलं.

“कोणीच नाही, केदार. कुठलं पत्र नाही, कुठला साहेब आला नाही, कोणी साधं विचारलंसुद्धा नाही. बादशहाला तरी आधी जेवायला घालावं लागलं होतं. तुम्ही तर उपाशीपोटीच गप्प बसलात.”

मी म्हटलं, तुम्ही पाठ म्हणा ना, कागदावर नसलं तर काय झालं. त्यावर म्हणाल्या, मी एकटीने म्हटलं तर ते माझं मत झालं. सगळ्यांनी म्हटलं तरच ती प्रार्थना. आणि गेल्या. पुढच्या शनिवारी चहाला बोलावलं, चहा पाजला, इतिहास मात्र सांगितला नाही. फक्त मजकुराची वही पुढे सरकवली. त्यात ते वाक्य होतं. मी पुन्हा वगळलं.

त्यानंतरचं मला रूथने सांगितलं. राज्यकर्त्यांसाठीची प्रार्थना सुरू झाली, सगळी मंडळी उभी राहिली, आणि पहिल्या रांगेत बाई खाली बसल्या. गुडघेदुखी नाही, चक्कर नाही. बसल्या, हात मांडीवर ठेवून, मान ताठ. प्रार्थना संपली तशा उठून पुढच्या गाण्याला उभ्या राहिल्या. दर महिन्याला असंच. दोन वर्षं. रूथचा मुलगा एकदा म्हणाला, “आज्जी, just stand lah, everybody looking.” बाई म्हणाल्या, बघू देत की, त्यासाठीच बसते. कोणी त्यांना काही बोललं नाही, त्यांनी कोणाला काही सुनावलं नाही. मला वाटतं, यालाच मंडळी शांत स्वभाव म्हणत असतील.

शेवटचं भेटलो ते हॉस्पिटलात. आवाज पार बसला होता. मी फळं नेली होती, ती त्यांना चालणार नव्हती. इकडचं तिकडचं झाल्यावर त्यांनी विचारलं, “वाक्य?” एवढंच. मी म्हटलं, “बघतो.” आपल्या भाषेत या शब्दाचा अर्थ काय होतो ते सगळ्यांना ठाऊक आहे, बाईंना तर होतंच. त्यांनी डोळे मिटले. चार दिवसांनी स्टेशनात तो निरोप आला. ‘बघतो’ म्हटल्याची लाज मला अजून वाटते, आणि वाटत राहावी असं मला वाटतं.

गेल्या महिन्याच्या चौथ्या रविवारी त्यांच्या आठवणीची उपासना होती. मी कागद छापले. वाक्य घातलं. खालची ओळ पुन्हा खाली ढकलली. आणि पहिल्यांदाच, कागद रूथच्या हाती न पाठवता स्वतः घेऊन गेलो, शेवटच्या रांगेत बसलो. प्रार्थना उजागरेसाहेब एकेक वाक्य वाचून सांगतात, बाकीचे त्यांच्यामागून म्हणतात. सगळे उभे राहिले. पहिल्या रांगेत रूथ बसून राहिली, आई बसायची तशीच. वाचता वाचता साहेब त्या वाक्याशी आले आणि थांबले. चष्मा काढला, पुसला, घातला. ते पुढच्या ओळीकडे वळणार हे मला मागूनही दिसलं, आणि मी वाचलं. मोठ्याने, मागून, मी कोण लागून गेलो याचा विचार न करता : “आणि ते चुकतील तेव्हा त्यांना तसं सांगण्याचं धैर्य आम्हांला दे.”

मागून म्हणायचं की नाही हे कोणालाच कळेना. मग रूथ उठून उभी राहिली आणि तिने ते म्हटलं. तिच्यामागे दोघातिघांनी. मग इकडून तिकडून, अडखळत, बऱ्याच जणांनी. मी रडत होतो हे नंतर लक्षात आलं. साहेबांनी पुढची ओळ घेतली, आमेन झालं.

बाहेर चहा चालला होता. साहेबांना माझ्याकडे येताना बघून मी मनात सगळी उत्तरं तयार केली. इथला कायदा मी आता वाचला आहे, अशी प्रार्थना म्हणू नये असं कुठेही लिहिलेलं नाही. हॉल काढून घेतला तर माझ्या घरी बसा. टाइप करायला दुसरा माणूस हवा असेल तर खुशाल शोधा. साहेब शेजारी येऊन उभे राहिले. कपातला चहा संपवला. मग म्हणाले, “पुढच्या वेळी त्या ओळीचं अक्षर जरा मोठं ठेव. मला नीट वाचता येत नाही.”

माझ्या पीआरच्या अर्जाचं उत्तर अजून आलेलं नाही. येईल तेव्हा येईल. या महिन्याचे कागद मी काल रात्रीच छापून ठेवले, ती ओळ दोन नंबर मोठ्या अक्षरात.