दवाखान्यासमोर गाडीला जॅमर लागला तेव्हा

मित्रांनो, आज सकाळी बहिणीला कळा सुरू झाल्या, म्हणून वाटूरहून गाडीत घालून जालन्याला आणलं. दवाखान्यासमोर जागा दिसली तिथं गाडी सोडली आणि तिला आत नेलं.

बाहेर आलो तर चाकाला जॅमर! वाहतूक पोलीस ताईंना सगळं सांगितलं.

त्या म्हणाल्या, "दंड माफ करणं माझ्या हातात न्हाई, दादा. ऑनलाइन तक्रार टाका, दवाखान्याचा कागद जोडा. साहेब बघून ठरवतील."

मंग जॅमर काढता काढता त्यांनीच विचारलं, "बहीण कशी हाय?"

मला एकदम रडूच आलं.

मुलगी झाली, दोघी सुखरूप आहेत. तक्रार टाकली. नाही मानली तर दंड भरीन. खरं तर ॲम्ब्युलन्सची वाट माझ्याच गाडीनं अडली होती.

तुम्ही कधी अशी तक्रार केली का? पुढं काय झालं?