न लिहिलेली मापं

तीस वर्षांत शिंपीणबाईंनी कुणाचं माप कधी लिहून ठेवलं नव्हतं. गिऱ्हाईक दारात दिसलं की छाती, कंबर, बाही सगळं तोंडपाठ. आज मात्र शेजारीण ब्लाउजचं कापड घेऊन आली आणि बाईंना एकही आकडा आठवेना. त्यांनी पदराने कपाळावरचा घाम पुसला. आईचंही असंच सुरू झालं होतं. तीही शिवणकाम करायची; आधी मापं गेली, मग घराचा पत्ता, मग पोटची लेक.

"अगं, घाम कसला पुसतेस? टेप घे आणि माप," शेजारीण म्हणाली. "मी काय तशीच राहिलेय? चांगली दोन इंच सुटलेय."

बाई हसल्या नाहीत. टेप बोटाभोवती गुंडाळत त्या म्हणाल्या, "आईसारखी मीही हरवले तर गं?"

"शेवटी शेवटी तिला स्वतःचं नाव तरी आठवायचं का?"

"नाव कुठलं! पण 'तू कोण' विचारलं की चिडायची. म्हणायची, 'मी! आणखी कोण?'"

बोलता बोलता बाई थबकल्या. सगळं विसरलेली आई या एका उत्तरासाठी कधीच अडखळली नव्हती. भीती गेली नाही, पण बाईंनी बोटावरची टेप उलगडली. त्यांनी कपाटातून कोरी वही काढली आणि पहिलं माप लिहून घेतलं.