पडण्याचा अभ्यास

आत्याला हॉस्पिटलातून काढून टाकलं, आणि आता ती एका वृद्धाश्रमात खुर्ची टाकून म्हातारी माणसं पडायची वाट बघत बसते, अशी बातमी इमारतीत पसरली होती. तळमजल्यावर ती नुसती बसत होती. तिसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत ती हळूच त्यांच्या काठ्याही ओढून घ्यायला लागली.

खरं म्हणजे तिला कुणी काढलं नव्हतं. चौदा वर्षं वॉर्डात सिस्टर म्हणून घालवल्यावर तिने स्वतः अर्ज करून संशोधनाची जागा मिळवली होती. पहिलं वर्ष बोलीवर. काम समितीला पटलं तर पुढची दोन वर्षं आणि पदवी, नाही पटलं तर लगेचच्या सोमवारपासून परत वॉर्ड. आणि आत्याला परत जायचं नव्हतं. चौदा वर्षं पडलेली माणसं उचलल्यावर ती मुळात पडतात का, हे एकदा तिला बघायचं होतं. वाट बघत बसते, हे मात्र इमारतीने अगदी बरोबर सांगितलं होतं. त्यालाच निरीक्षण म्हणतात.

आश्रमातली माणसं दुपारी दोन ते पाच याच वेळात सगळ्यात जास्त पडत. आत्याने तिथल्या कॉरिडॉरच्या कोपऱ्यात खुर्ची मांडली आणि वही उघडली. नियम तिच्या गाईडबाईंनी घालून दिला होता. या बाई महत्त्वाचा शब्द दोनदा उच्चारत, दुसऱ्यांदा फोडून. "अगदी अपघातच होत असेल तर उठा. एरवी तुम्ही भिंत आहात. भिं-त."

आता चौदा वर्षांची नर्स भिंत कशी होणार? इतरांना पडलेला माणूस दिसतो, तिला पडणार असलेला दिसतो. आश्रमात एक निवृत्त मास्तर होते. त्यांचा अंगठा खुर्चीच्या हातावर रुतला रे रुतला, की आत्या त्यांच्या काखेखाली हजर.

"सिस्टर, मी नुसती पाठ खाजवत होतो."

"खाजवा ना. मी धरून उभी आहे."

आठ आठवड्यांत आत्याच्या वहीत पडलेल्यांचा आकडा शून्य. ज्या दुपारी ती नव्हती, त्यांचा हिशोब आश्रमाच्या रजिस्टरात होता. नऊ.

गाईडबाईंनी दोन्ही आकडे शेजारी शेजारी ठेवले आणि चष्मा काढला. "सिस्टर, आपला विषय पडणं आहे. तुम्ही विषयच संपवलात. सं-प-व-लात."

घरी भावाला हे काही झेपेना. "अगं, पडणाऱ्याला धरलं, त्यात चुकलं काय?"

"माहिती बिघडली, दादा."

"मास्तरांची कंबर?"

"ती शाबूत आहे."

"मग तक्रार कुणाची आहे?"

"विज्ञानाची."

दादाने विज्ञानाला जे म्हटलं, ते त्याची मुलगी समोर बसलेली असताना म्हणायला नको होतं.

पण वॉर्डाने आत्याला आणखी एक खोड लावली होती. जे लिहिलं नाही ते केलं नाही, असं तिथे मानतात. त्यामुळे दर वेळी धावून गेल्यावर तिने वहीच्या मागच्या पानांवर मुकाट्याने नोंद केली होती: किती वाजता, कुणाला धरलं, स्वारी निघाली होती कुठे. गाईडबाईंचं मत होतं, ती पानं समितीपुढे उघडूच नका. हे वर्ष पूर्वतयारीत गेलं म्हणा. पूर्व-त-यारी.

समितीच्या आदल्या दिवशी, आपला गुन्हा नेमका केवढा हे तरी कळावं म्हणून आत्याने नोंदी मोजल्या. एकाहत्तर. त्यातल्या बेचाळीस वेळा लोक एकाच ठिकाणी निघाले होते: समोरच्या भिंतीकडे, आपला वॉकर आणायला. अडीच वाजता फरशी पुसणारी बाई सगळे वॉकर भिंतीला ओळीने लावून ठेवी, फरशी आरशासारखी करी आणि तीनला घरी जाई. तिच्या टापटिपीचं दोनदा कौतुक झालं होतं. पडू नये म्हणून दिलेली वस्तू आणायला माणसं उठत, आणि पडत.

"मी ती पानं वाचणार," आत्या म्हणाली.

"आत्या, वेडी आहेस का? वाचलीस तर सोमवारी वॉर्ड," भाची म्हणाली. "लाव पैज."

"लावली. हरलीस तर माझं एक काम करायचं."

"एक काय, पाच करीन."

समितीत तिघं होते. मधले डॉक्टर पेनाचं बटण टकटक दाबत ऐकत होते. आत्याने एकाहत्तर नोंदी वाचल्या, एकही न गाळता.

"म्हणजे पहिल्याच महिन्यात तुम्ही नियम मोडलात?"

"पहिल्याच दिवशी, सर. दोन वाजून दहा मिनिटांनी."

"मग हे आम्ही काय समजायचं, कबुली की निष्कर्ष?"

"लिहिली तेव्हा कबुली होती. काल मोजली, तर निष्कर्ष निघाला."

टकटक थांबली. बाजूच्या दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, मग वहीकडे, मग तिला बाहेर बसायला सांगितलं. वीस मिनिटांनी दोन वर्षं मिळाली. वॉकर आजपासून ज्याच्या त्याच्या खुर्चीशी ठेवायचे आणि पडणं कमी होतं का ते मोजायचं. अट एकच: दुपारचं मोजमाप दुसरं कुणीतरी करील, सिस्टरनी दोन ते पाच त्या इमारतीत पाऊलही टाकायचं नाही. त्यांनी सकाळी जाऊन पंच्याहत्तरीपुढच्या मंडळींना प्रश्नावली विचारायची.

प्रश्नावली ब्याण्णव प्रश्नांची झाली. ती किती वेळ खाते, हे आधी कुणावर तरी आजमावून बघायला लागतं. आणि पैज हरलेली, म्हणजे ही हकीकत लिहिणारी, भाची घरातच होती.

"प्रश्न एकोणीस. पलंगावरून उठताना तुम्हाला कुणाची मदत लागते का?"

"आईची."

"रोज?"

"शाळा असेल तेव्हा."

"आणि सुट्टीच्या दिवशी?"

"उठतच नाही."

आत्याने ते लिहून घेतलं. "प्रश्न वीस."