परमनंट जावई

ताज्या छापलेल्या लग्नपत्रिकेला रॉकेलसारखा वास येतो. त्यात कोपऱ्याला लावलेल्या ओल्या हळदीचा वास मिसळला की माझं डोकं दुखतं, आणि हटकून 'परमनंट' हा शब्द आठवतो.

सत्तर सालानंतर कधीतरी हा इंग्रजी शब्द आमच्या करडी गावात आला आणि घरच्या साऱ्या शब्दांच्या डोक्यावर बसला. पूर्वी पोरगा कसा आहे म्हणून विचारलं तर लोक सांगत, कष्टाळू आहे, मायेचा आहे, जरा तापट आहे. पुढे एवढंच सांगू लागले, परमनंट आहे. झालं! परमनंट माणसाचं वय कोणी विचारीत नसे, टक्कल कोणाला दिसत नसे. मास्तर परमनंट, पोस्टमन परमनंट. आणि जन्मभर एकाच बांधीत धान रोवणारा शेतकरी? तो मात्र नाही! चौथी शिकलेल्या मला त्या शब्दाचा अर्थ कुठून ठाऊक? पण माझ्या लेकीला, शकूला, नवरा परमनंटच पाहिजे, हा हट्ट माझाच.

तुमसरच्या एका राईस मिलमधला पोरगा मिळाला. त्याचा काका छातीठोकपणे म्हणाला, परमनंट. जमलं. काकानं पत्रिकेतही नवरदेवाच्या नावाखाली पदवीसारखं छापून घेतलं, 'परमनंट, राईस मिल'.

लग्न आठ दिवसांवर आलं आणि नवरदेव एकटाच सायकलवर पत्रिकांचा गठ्ठा घेऊन आमच्या दारात हजर! अर्ध्या पत्रिकांवर तो शब्द निळ्या शाईनं खोडलेला.

“मामी, मी परमनंट नाही. धान सरले का मिल बंद, मिल बंद का मी घरी. काका खोटं बोलला. सकाळपासून खोडून राहिलो, अर्ध्या अजून बाकी आहेत.”

शकूचे बाबा खवळले. “अन् हे आता काहून सांगून राहिला गा? आमची हळद दळून झाली! उचल तो गठ्ठा. मोडलं लग्न!”

हे सारं पीक माझ्याच हट्टाचं.

तेवढ्यात शकू आतून आली. ओरडणाऱ्या बापाच्या खिशातला पेन तिनं काढून घेतला, गठ्ठ्यापाशी बसली आणि एक पत्रिका पुढे ओढली. होणाऱ्या नवऱ्याशी ती आजवर एक अक्षर बोलली नव्हती.

“एवढ्या जोरानं नका खोडू,” ती त्याला म्हणाली, “कागद फाटते.”