पडदेवाल्या काकांचं आढं

संवाद कुणी जरा चढवून म्हटला की पडदेवाले काका विंगेतून आधी वर बघायचे, मग सागवानी खांबावर तळहात टेकवायचे. "हळू, भाऊ. आढं जागं हाय."

मुरबाडच्या त्या जुन्या नाट्यगृहात तुम्ही कधी बसला असाल, तर पडद्याची दोरी मुठीला गुंडाळून उभे असलेले हे गृहस्थ तुम्हीही पाहिले असतील. आता ते नाहीत. नाट्यगृह कसलं, मुळात भाताचं गोदाम! कुणा हौशी व्यापाऱ्याने त्यात रंगमंच बांधला. मग तिथे संगीत नाटकं झाली, सिनेमे झाले, लग्नं लागली, निवडणुकीच्या सभा गाजल्या. काका म्हणायचे, "भाषणांनीच जास्त हाललं." आम्ही त्यांना 'आभाळ पडलं'वाला ससा म्हणायचो.

शेवटचं नाटक आमच्याच मंडळाचं, रविवारी दुपारी. मी राजा. तिसऱ्या अंकात मरतो, आणि काय सुंदर मरतो! उताणा पडलो, परिणामासाठी डोळे उघडेच ठेवले. वर पाहतो तर आढं खांबाच्या खोबणीतून सरकतंय. मिशीवर लाकडाचा भुसा पडला. मेलेल्या माणसाला घाम फुटलेला पाहिलाय कधी? पहिल्या रांगेने पाहिला.

"काका..." मी ओठ न हलवता म्हणालो.

"दिसलंय. ऊठ."

उठलो, तर शिट्ट्या! "राजा, मर ना रे नीट!"

काकांनी पडदा ओढला, माइक घेतला. "बाहेर व्हा! आढं पडतंय!"

"काका, रोजचंच तुमचं!" हशा. कुणी जागचं हललं नाही. वर कर्रर्र झालं. काकांचे ओठ पांढरे पडले. मला वाटलं, पळणार.

त्यांनी थेट एस्टी स्टँडवरचा आवाज काढला: "धसई गाडी लागली हाय! पुढच्या फेऱ्या रद्द!"

एस्टीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायला धसईकडच्या गावांतून आलेलं अख्खं प्रेक्षागृह धावलं. मी काकांना ओढलं. ते हलेनात. भीतीने बोटं दोरीवर आवळून बसली होती.

"सुटत नाय रे, भाऊ."

एकेक बोट उकलून काढलं. बाजूच्या दारातून आम्ही बाहेर पडलो आणि मागे सगळं कोसळलं.

धूळ खाली बसली. पिशवी छातीशी धरून एक म्हातारी उभी होती. काका तिच्यापाशी गेले.

"आज्ये, चुकलो. गाडी नाय लागली."

म्हातारीने पिशवी खाली ठेवली आणि पदराने त्यांचं तोंड पुसायला घेतलं.